जमिनीवरून उठणे आणि ताब्यात राहणे: हेलिकॉप्टरविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इगोर सिकोर्स्की यांच्या व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरवर लेख दिला होता. १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या स्ट्रॅटफर्ड इथे हे यंत्र दोरांनी बांधलेल्या अवस्थेत काही क्षण जमिनीवरून उठले. चालवायला स्वतः सिकोर्स्की बसले होते. डोक्यावर एक मोठा रोटर (फिरत्या पात्यांचा संच) आणि शेपटीला एक छोटा, ही आज सगळीकडे दिसणारी मांडणी या यंत्रापासून रूढ झाली, असे त्या लेखात म्हटले होते. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: हेलिकॉप्टरचा शोध सिकोर्स्की यांनी लावला असे म्हणणे बरोबर आहे का? १९०७ सालीच फ्रान्समध्ये हेलिकॉप्टर उडाले होते असे वाचले आहे. (शिक्षक, खानापूर)

बरोबर नाही, आणि आमच्या लेखातही तसे म्हटले नव्हते. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये दोन प्रयत्न झाले. ब्रेगे बंधू आणि रिशे यांचे चार रोटरांचे यंत्र माणसासह सुमारे दोन फूट उचलले गेले, पण चार माणसांनी चार कोपरे धरून ठेवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉल कॉर्न्यू यांनी लिझ्यूजवळ २४ अश्वशक्तीच्या इंजिनावर दोन रोटरांचे यंत्र उचलले असा दावा आहे. इतक्या कमी शक्तीत ते माणसासह उचलले गेले असेल का, याविषयी जाणकारांना शंका आहे. ४ मे १९२४ रोजी एत्येन ओमिशाँ यांनी एक किलोमीटरची फेरी पूर्ण करून यंत्र निघाल्या जागी आणले, त्याला ७ मिनिटे ४० सेकंद लागली. जर्मनीत हाइन्रिख फोके यांचे एफडब्ल्यू-६१ हे दोन रोटर शेजारी शेजारी असलेले यंत्र २६ जून १९३६ रोजी उडाले. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते २,४०० मीटरच्या वर चढले आणि तासाहून अधिक काळ हवेत राहिले. ताब्यात राहणारे, कामाचे पहिले हेलिकॉप्टर कोणते असे विचारले तर आम्ही ब्रेगे-दोराँ यांचे १९३५ चे यंत्र आणि हे एफडब्ल्यू-६१ यांची नावे आधी घेऊ.

खुद्द सिकोर्स्की यांनीही १९०९ मध्ये कीव्ह इथे २५ अश्वशक्तीच्या अंझानी इंजिनावर पहिले हेलिकॉप्टर बांधले. ते उठलेच नाही. दुसरे १९१० मध्ये बांधले. ते स्वतःचे वजन उचलायचे, चालकाचे नाही. मग त्यांनी हा नाद बाजूला ठेवून मोठी विमाने बांधली, १९१९ मध्ये अमेरिकेत गेले आणि जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा हेलिकॉप्टरकडे वळले. मधल्या काळात इंजिने हलकी झाली होती. पण इंजिन सुधारल्याने फक्त उचलण्याचा प्रश्न सुटतो. उठलेले यंत्र कलंडू न देता हव्या त्या दिशेला नेणे ही खरी अडचण होती, आणि सिकोर्स्की यांचे मोठेपण आम्हाला तिथे दिसते. खालची बहुतेक उत्तरे त्याच अडचणीभोवती फिरतात.

प्रश्न: मी उद्यमबागेत सीएनसी लेथवर काम करतो. शेपटीचा छोटा रोटर नेमका किती जोर लावतो? आणि तो बंद पडला तर? (बेळगाव)

हातातल्या ड्रिल मशीनचा बिट पत्र्यात अडकला की मशीन उलट्या दिशेने मनगट पिळते. हेलिकॉप्टरचे इंजिन रोटर एका दिशेला फिरवते तेव्हा सांगाड्यालाही तसाच उलट पीळ बसतो. तो पीळ रोखण्यासाठी शेपटीचा रोटर आडवा जोर लावतो.

आकडा काढून पाहू. व्हीएस-३०० चे सुरुवातीचे लायकॉमिंग इंजिन ७५ अश्वशक्तीचे होते, म्हणजे सुमारे ५६ किलोवॅट. मुख्य रोटरचा व्यास २८ फूट. समजा रोटर मिनिटाला २६० फेरे घेतो आणि सगळी शक्ती त्यालाच मिळते. २६० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे २७.२ रेडियन. ५६,००० भागिले २७.२ केले की टॉर्क, म्हणजे पीळ, येतो सुमारे २,०६० न्यूटन-मीटर. शेपटीचा रोटर मुख्य दांड्यापासून ५ मीटरवर धरला तर त्याला २,०६० भागिले ५, म्हणजे सुमारे ४१० न्यूटन जोर लावावा लागेल. वजनात सांगायचे तर ४२ किलो. यासाठी इंजिनाच्या शक्तीचा साधारण दहावा भाग खर्च होतो. शेपटी लांब केली तर जोर कमी लागतो, पण सांगाडा जड होतो आणि मागे वजन वाढल्याने नाक वर उचलले जाते. दर नव्या आराखड्यात हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

एक उपपरिणाम सहसा सांगितला जात नाही. शेपटीचा रोटर पीळ रोखतो खरा, पण त्याच वेळी सगळे यंत्र एका बाजूला ढकलतही असतो. म्हणून मुख्य रोटर किंचित विरुद्ध बाजूला झुकवून ठेवावा लागतो. एका जागी तरंगणारे हेलिकॉप्टर नीट पाहिले तर बहुधा त्याचे एका बाजूचे चाक किंवा स्किड थोडे खाली दिसेल. तो बिघाड नव्हे.

शेपटीच्या रोटरला फिरवणारा लांब दांडा ओळीने बसवलेल्या बेअरिंगांवर फिरतो आणि शेवटी बेव्हल गिअरच्या पेटीत जातो. तुमच्या कामातला माणूस इथल्या अडचणी लगेच ओळखेल: बेअरिंगची ओळ जरा चुकली की दांडा थरथरतो, थरथरीने ग्रीस तापून बाहेर पडते आणि मग बेअरिंग जाते. गिअरमधला मोकळा खेळ वाढला की पायाच्या पेडलला मिळणारा प्रतिसाद ढिला पडतो. एका जागी तरंगत असताना हा रोटर पूर्ण बंद पडला तर यंत्र मुख्य रोटरच्या उलट गिरक्या घेऊ लागते. अशा वेळी इंजिनाची शक्ती तोडणे हाच उपाय असतो. शक्ती गेली की पीळही जातो, आणि रोटर फिरत आहे तोवर यंत्र खाली उतरवायचे.

एका पूर्वसुरीची आठवण इथे द्यायला हवी. हॉलंडचे फॉन बाउमहाउअर यांनी १९२० च्या दशकात एक मुख्य रोटर आणि शेपटीला एक अशीच मांडणी केली होती, पण शेपटीला वेगळे इंजिन दिले होते. दोन इंजिनांची गती एकमेकांशी जुळवणे चालकाच्या हातात राहिले. मुख्य रोटरचा पीळ क्षणाक्षणाला बदलतो, त्याच्याबरोबर दुसऱ्या इंजिनाचा थ्रॉटल हलवत राहणे कोणालाही जड जाईल. एकाच इंजिनावरून गिअरने दोन्ही रोटर फिरवले की त्यांच्या फेऱ्यांचे प्रमाण आपोआप कायम राहते आणि चालकाने फक्त शेपटीच्या पात्यांचा कोन बदलायचा असतो.

प्रश्न: हेलिकॉप्टरची पाती मुळाशी बिजागरीने जोडलेली असतात हे खरे का? इतका जोर घेणारा भाग ढिला ठेवण्यात काय अर्थ आहे? (निपाणी)

खरे आहे. आजच्या काही रोटरांत बिजागरीऐवजी लवचीक तुकडा असतो, पण हालचाल तीच. याचे श्रेय स्पेनचे हुआन दे ला सिएर्वा यांना जाते. ते हेलिकॉप्टर नव्हे, ऑटोजायरो बांधत होते. त्यात पुढचा पंखा यंत्र ओढतो आणि डोक्यावरचा रोटर वाऱ्यानेच फिरतो.

त्यांची पहिली तीन यंत्रे अपयशी ठरली. धावपट्टीवर वेग घेताच ती एका बाजूला कलंडत. कारण आकड्यांत पाहा. समजा पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ११५ मीटर आणि यंत्राचा पुढचा वेग ३५ मीटर आहे. पुढे येणाऱ्या पात्याला १५० चा वारा लागतो, मागे जाणाऱ्याला ८० चा. उचल वेगाच्या वर्गावर ठरते: २२,५०० विरुद्ध ६,४००. एका बाजूला साडेतीन पट उचल! पाती पोलादी कण्याने घट्ट जोडलेली असतील तर हा सगळा फरक सांगाड्यावर येतो आणि यंत्र उलटते. सिएर्वा यांच्या छोट्या प्रतिकृती मात्र व्यवस्थित उडत होत्या, कारण त्यांच्या पात्यांचा कणा वेताचा, लवचीक होता. ही विसंगती त्यांनी सोडून दिली नाही, आणि म्हणून आम्हाला हा माणूस फार मोठा वाटतो. मुळाशी आडवी बिजागरी बसवल्यावर जास्त उचल मिळणारे पाते वर जाते. वर जात असताना त्याला वारा वरून लागल्यासारखा होतो, त्याचा परिणामी कोन कमी होतो आणि जादा उचल तिथेच संपते. दुसऱ्या बाजूला याच्या उलट घडते. जानेवारी १९२३ मध्ये त्यांचे सी-४ यंत्र माद्रिदजवळ सरळ उडाले.

ढिले पाते वर दुमडून का जात नाही, असे तुम्ही विचाराल. समजा पाते २० किलोचे आहे, त्याचा गुरुत्वमध्य २.१ मीटरवर आहे आणि फेरे २६० आहेत. बाहेर ओढणारा जोर होतो सुमारे ३१,००० न्यूटन, म्हणजे तीन टनांहून जास्त. एवढ्या ओढीने पाते जवळजवळ आडवेच राहते, फक्त काही अंश वर उचललेले दिसते. बिजागरीच्या पिनला आणि बेअरिंगला मात्र ही तीन टनांची ओढ सतत सोसत हलत राहायचे असते. रोटरच्या मध्यभागातले काम इतके काटेकोर का, ते यावरून कळेल.

एका बिजागरीने प्रश्न संपला नाही. वर-खाली होणारे पाते आपल्या पातळीतही पुढे-मागे ओढले जाते आणि मुळाशी वाकून वाकून थकते. १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये सिएर्वा यांच्या एका यंत्राचे पाते हवेत तुटले. त्यानंतर दुसरी, उभी बिजागरी आली. तिने मूळ वाचवले, पण नवे दुखणे आणले. जमिनीवर उभे असताना पाती पुढे-मागे सरकून एका बाजूला गोळा झाली की रोटरचा गुरुत्वमध्य सरकतो, सांगाडा टायरांवर डुलू लागतो आणि ती डुलण्याची गती पात्यांच्या गतीशी जुळली तर काही सेकंदांत यंत्राचे तुकडे होऊ शकतात. म्हणून उभ्या बिजागरीला डँपर, म्हणजे हालचाल मंदावणारा भाग, लावतात. टायरमधली हवा आणि चाकांचे शॉक ॲबसॉर्बर ठरल्या मापातच ठेवण्याचा आग्रहही त्यासाठीच असतो.

प्रश्न: व्हीएस-३०० मधून सिकोर्स्की यांनी सायक्लिक नियंत्रण काढून टाकले आणि नंतर पुन्हा बसवले, असे लेखात एका ओळीत आले आहे. का काढले, काय केले, ते सविस्तर सांगावे. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, बेळगाव)

आधी यंत्रणा समजून घेऊ. रोटरच्या दांड्याभोवती दोन तबकड्या असतात, त्यांना स्वॉशप्लेट म्हणतात. खालची फिरत नाही, पण वर-खाली सरकते आणि कोणत्याही बाजूला झुकते. वरची रोटरबरोबर फिरते. दोघींच्या मध्ये बेअरिंग. वरच्या तबकडीतून प्रत्येक पात्याच्या मुळापर्यंत एक दांडी जाते. दोन्ही तबकड्या सरळ वर गेल्या की सगळ्या पात्यांचा कोन सारखाच वाढतो आणि यंत्र उचलले जाते, हे कलेक्टिव्ह. तबकडी झुकवली की प्रत्येक पात्याचा कोन फेरीत एका जागी जास्त, समोरच्या जागी कमी होतो; हे सायक्लिक. रशियात बोरिस युर्येव यांनी १९१०-१२ च्या सुमारासच अशी योजना मांडली होती.

आता अवघड भाग. पात्याला जिथे जास्त कोन मिळतो तिथेच ते सर्वांत वर जाते असे वाटते, पण तसे होत नाही. मध्याजवळ बिजागरी असलेले पाते सुमारे ९० अंश पुढे गेल्यावर सर्वांत वर पोचते. समजा रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो आणि यंत्र पुढे न्यायचे आहे. म्हणजे पाती ज्या पातळीत फिरतात ती नाकाकडे खाली, शेपटीकडे वर हवी. त्यासाठी पात्याचा कोन सर्वांत कमी उजव्या बाजूला हवा आणि सर्वांत जास्त डाव्या बाजूला. दांड्या जोडताना हा ९० अंशांचा फरक धरला नाही तर चालक हातातला नियंत्रणाचा दांडा पुढे ढकलतो आणि यंत्र कुशीवर पडते. बिजागरी मध्यापासून दूर असेल तर हा फरक ९० पेक्षा थोडा कमी होतो. म्हणून एका रोटरसाठी बरोबर असलेले माप दुसऱ्याला चालत नाही.

व्हीएस-३०० ची सुरुवात सायक्लिकसह झाली. थरथर फार होती, नियंत्रण भरवशाचे नव्हते, आणि डिसेंबर १९३९ मध्ये दोरांनी बांधलेले असतानाच यंत्र कलंडून मोडले. इथे सिकोर्स्की यांनी एक धाडसी माघार घेतली. मुख्य रोटरवरचे सायक्लिक त्यांनी काढून टाकले. तिथे फक्त कलेक्टिव्ह ठेवले. शेपटीजवळ दोन्ही बाजूंना आडव्या भुजा काढून प्रत्येकीवर एक छोटा, आडवा फिरणारा रोटर बसवला. दोघांचा कोन एकत्र वाढवला की शेपटी वर, नाक खाली. एकाचा वाढवून दुसऱ्याचा कमी केला की यंत्र कुशीला झुकते. दिशा वळवायला शेपटीचा उभा रोटर होताच. १३ मे १९४० चे पहिले दोरमुक्त उड्डाण या तीन शेपटी-रोटरांच्या रूपात झाले.

माघार का म्हणतो, तर या मांडणीत भार आणि गुंतागुंत दोन्ही वाढली. जास्तीचे दांडे, जास्तीचे गिअर, आणि पुढे जाताना मुख्य रोटरखालून निघणारा खळबळलेला वारा थेट त्या छोट्या रोटरांवर आदळायचा. एका जागी तरंगणे उत्तम, पुढे जाणे त्रासाचे. पण तिच्यामुळे चालकाला हवेत तास मिळाले. कोणता हादरा कुठून येतो, इंजिन किती तापते, पेडल कसे मारायचे, हे सगळे यंत्र मोडून न घेता शिकता आले. ६ मे १९४१ रोजी याच यंत्राने १ तास ३२ मिनिटे २६ सेकंद हवेत राहून एफडब्ल्यू-६१ चा १ तास २० मिनिटांचा विक्रम मोडला. दरम्यान इंजिन ७५ वरून ९० आणि पुढे १५० अश्वशक्तीचे झाले.

नंतर सायक्लिक एकदम परत आणले नाही. आधी बाजूच्या भुजा काढल्या, कुशीला झुकवण्याचे काम मुख्य रोटरकडे दिले आणि नाक वर-खाली करायला शेपटीवर एकच आडवा रोटर ठेवला. तो भाग भरवशाचा झाल्यावर शेवटचा आडवा रोटरही काढला. ८ डिसेंबर १९४१ रोजी यंत्र पूर्ण सायक्लिकवर उडाले. एका वेळी एकच अज्ञात गोष्ट बदलायची, ही पद्धत तुमच्या प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १४ जानेवारी १९४२ रोजी, त्याच तत्त्वावरचे एक्सआर-४, म्हणजे आर-४ चा पहिला नमुना, उडाले. आर-४ हे मोठ्या संख्येने बनलेले सिकोर्स्की यांचे पहिले हेलिकॉप्टर.

प्रश्न: सांबऱ्याच्या (बेळगाव विमानतळाच्या) बाजूला राहतो. उन्हाळ्यात दुपारी हेलिकॉप्टरमध्ये कमी माणसे घेतात असे ऐकतो. पाच-दहा अंशांनी एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि सुरुवातीच्या यंत्रांना तर फारच. सांबऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर. तिथे हवेचा दाब साधारण ९२६ हेक्टोपास्कल धरला आणि एप्रिलच्या दुपारी ३७ अंश तापमान धरले, तर एक घनमीटर हवेचे वजन येते सुमारे १.०४ किलो. समुद्रसपाटीला १५ अंशांवर ते १.२२५ किलो असते. म्हणजे १५ टक्के हवा कमी. साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती जवळपास तेवढीच घटते, आणि विरळ हवेत तेच वजन तोलायला साधारण ८ टक्के शक्ती जास्त लागते. दोन्ही धरून उचलण्याची क्षमता सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते.

आता हे आर-४ ला लावा. त्याचे रिकामे वजन सुमारे ९५० किलो, भरलेले सुमारे १,१७०. समुद्रसपाटीवर ते १,१७० किलोच जेमतेम तोलते असे मानले तर बेळगावच्या दुपारी ते ९९५ वर येईल. उरले ४५ किलो. त्यात चालकही बसत नाही, इंधन दूरच. भरलेल्या वजनात जवळजवळ सगळे वजन यंत्राचेच असले की १५ टक्क्यांची घट थेट माणसांच्या वाट्याची होते.

आर-४ च्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले, तेही आपल्या देशाच्या सीमेवर. एप्रिल १९४४ मध्ये आसामातल्या लालाघाट तळावरच्या तुकडीचे लेफ्टनंट कार्टर हार्मन यांनी वायआर-४बी घेऊन ब्रह्मदेशात शत्रूच्या मागे अडकलेल्या एका वैमानिकाला आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिकांना बाहेर काढले. उष्ण, दमट हवेत सुमारे १८० अश्वशक्तीच्या इंजिनावर एका खेपेला एकच माणूस नेता येत होता आणि इंजिन वारंवार तापत होते. लढाईत हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानली जाते. उन्हाळ्यात दुपारी कमी माणसे घेतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

प्रश्न: २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठी हेलिकॉप्टरची मदत आली होती. दोरीने माणूस उचलण्याची पद्धत कधीपासून आहे? खाली असणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी? (चिकोडी तालुका)

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात खडकावर अडकलेल्या बार्जवरून (सपाट मालवाहू नावेवरून) दोन माणसांना सिकोर्स्की आर-५ ने विंचच्या (दोर गुंडाळून वर ओढणाऱ्या यंत्राच्या) दोराने उचलले. चालक होते सिकोर्स्की यांचे भाचे जिमी व्हायनर. नागरी सुटकेत विंच वापरण्याचा हा पहिला प्रसंग मानतात.

एका जागी तरंगणे हे हेलिकॉप्टरचे महागडे काम आहे. पुढे जाताना रोटरला सतत नवी हवा मिळते, मध्यम वेगात शक्ती कमी लागते. जागेवर मात्र त्याच थोड्या हवेला जोरात खाली ढकलावे लागते. जमिनीच्या अगदी जवळ, रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत, थोडी सवलत मिळते. पण पाण्यावर किंवा उभ्या उसावर ती बरीच कमी होते. त्यात विंचचा भार एका बाजूला लोंबतो, म्हणून चालकाला यंत्र दुसऱ्या बाजूला धरून ठेवावे लागते. एकाच घिरटीत सगळ्यांना का घेत नाहीत, असे छतावरून वाटते. कारण हे आहे.

खाली असणाऱ्यांसाठी महत्त्वाचे:

दोराचा आकडा जमिनीला किंवा पाण्याला टेकेपर्यंत त्याला हात लावू नका. पात्यांच्या घर्षणाने यंत्रावर स्थिर वीज साचते आणि आधी धरणाऱ्याला जोराचा झटका बसतो. दोर कठड्याला, झाडाला किंवा नावेला कधीही बांधू नका. यंत्र जमिनीला बांधले जाते आणि पडू शकते. सुटे पत्रे, ताडपत्री, प्लास्टिक, रिकामी पिंपे आधीच दाबून ठेवा. आर-४ खालचा वारा तासाला ५० किलोमीटरच्या आसपास भरायचा; पूर्ण भरलेल्या एमआय-१७ या मोठ्या हेलिकॉप्टरखाली तो ९० पर्यंत जाऊ शकतो, आणि उडालेला पत्रा रोटरमध्ये गेला तर सगळेच संपते. लहान मुलांना मोठ्यांच्या मिठीत, पाठ वाऱ्याकडे करून बसवा.

प्रश्न: इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे पडते ना? (निपाणी)

नाही. चालकाने लगेच कलेक्टिव्ह खाली केले तर पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारा वारा रोटर फिरवत ठेवतो. सिएर्वा यांचा ऑटोजायरो कायम याच अवस्थेत उडायचा. जमिनीजवळ आल्यावर रोटरमध्ये साठलेली गती वापरून, कलेक्टिव्ह वर ओढून, उतरण्याचा वेग मोडायचा. १० मे १९३७ रोजी एफडब्ल्यू-६१ इंजिन बंद करून असे उतरवले गेले. उशीर घातक ठरतो: दोन-तीन सेकंद कोन तसाच राहिला तर रोटर मंदावतो आणि पुन्हा गती धरत नाही. कमी उंचीवर, वेग नसताना हा उपाय पुरा पडत नाही. विंचवर माणूस असतानाची जोखीम म्हणून मोठी.

प्रश्न: तीन पाती वजनाने सारखी आहेत हे कसे पाहायचे? थोडा फरक चालतो का? (फाउंड्री कामगार, मच्छे)

१०० ग्रॅम फरक घ्या, तोही ४ मीटरवर, २२५ फेऱ्यांवर. ओढ येते सुमारे २२० न्यूटन, म्हणजे २२ किलोचा धक्का, दर फेरीला एक. चालत नाही.

सुरुवातीची पाती पोलादी नळीचा कणा, लाकडी फासळ्या आणि वर कापड अशी होती. पावसात किंवा दमट हवेत लाकूड-कापड पाणी धरते, आणि एक पाते उन्हात व दोन सावलीत राहिली तरी वजन बदलते. नुसते एकूण वजन जुळून भागत नाही, गुरुत्वमध्यही मुळापासून सारख्या अंतरावर लागतो. मग पाती एकाच पातळीत फिरतात का, ते पाहायचे. जुनी रीत अशी: प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू लावायचा, उभ्या दांडीला ताणलेली कापडाची पट्टी फिरत्या रोटरच्या कडेला हळूच टेकवायची. तीन रंगांच्या खुणा एकावर एक आल्या तर ठीक. एक रंग वर उमटला तर त्या पात्याची दांडी थोडी फिरवून कोन कमी करायचा आणि पुन्हा पाहायचे. पट्टी धरणाऱ्याने बाहेरच्या बाजूला उभे राहायचे. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हे करायचे नाही.

प्रश्न: आम्ही नववीत आहोत. विज्ञान प्रदर्शनासाठी शेपटीचा रोटर का लागतो ते दाखवणारे मॉडेल कसे करावे? उडणारे नको. (खानापूर तालुका)

साहित्य: ६०८ क्रमांकाचे बॉल बेअरिंग एक (आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२), ८ मिलिमीटरचा ७५ मिलिमीटर लांब बोल्ट आणि तीन नट, २० बाय २० सेंटिमीटर जाड प्लायवुड, ४० सेंटिमीटर लांब, ४ रुंद, १ जाड लाकडी पट्टी, ३ व्होल्टच्या खेळण्यातल्या दोन मोटारी, १२ सेंटिमीटरचा एक आणि ५ सेंटिमीटरचा एक पंखा, २ सेंटिमीटर रुंद ॲल्युमिनियमची पट्टी, पेन्सिल सेल तीन, त्यांच्या पेट्या, दोन स्विच.

बेअरिंगची झाकणे काढून ते रॉकेलमध्ये धुवा, वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब घाला. आतले ग्रीस राहिले तर मॉडेल हलणार नाही. निम्मी मॉडेल इथेच फसतात. लाकडी पट्टीच्या मध्यावर २२ मिलिमीटरचे भोक पाडून बेअरिंग घट्ट बसवा. बोल्ट प्लायवुडमध्ये उभा पक्का करा, त्यावर पट्टी ठेवा. खालच्या-वरच्या नटांनी बेअरिंगची फक्त आतली कडी धरली पाहिजे. बोल्टच्या वरून ॲल्युमिनियमची ८ सेंटिमीटर उंच कमान करून तिच्यावर मोठी मोटार उभी बसवा, पंखा वर. पंखा पट्टीच्या फार जवळ असला तर त्याचा फिरता वारा पट्टीवर आदळून पीळ अंशतः रद्द करतो.

मोठ्या मोटारीला दोन सेल, छोटीला एक. सेल पट्टीवरच बसवा, टेबलावरून तारा आणू नका. तार पट्टीला धरून ठेवते. छोटी मोटार एका टोकाला आडवी, रबराने बांधा. दुसऱ्या टोकाला सेल सरकवून पट्टी समतोल करा.

आधी फक्त मोठा स्विच लावा. पट्टी पंख्याच्या उलट फिरू लागेल. मग छोटा लावा. पट्टी आणखी जोरात फिरली तर छोट्या मोटारीच्या तारा अदलाबदल करा. दिशा बरोबर पण पट्टी उलटी फिरू लागली, तर छोटी मोटार मध्याकडे दोन-दोन सेंटिमीटर सरकवत जा. एका जागी पट्टी थांबेल. तिथे खूण करून मध्यापासूनचे अंतर मोजा. मोठ्या मोटारीचे सेल जुने झाले की पीळ कमी होतो आणि ती जागा सरकते, म्हणून प्रदर्शनाच्या दिवशी नवे सेल घालून पुन्हा मोजा. दोन्ही पंख्यांभोवती जाळी किंवा प्लास्टिकच्या बाटलीची कडी लावा. बघणारी मुले बोट घालतातच.